एका स्प्रेडशीटमध्ये पृथ्वी: हवामानातले फीडबॅक स्वतः मोजून कसे पाहायचे

हवामानबदलावर बोलताना 'फीडबॅक' हा शब्द हमखास येतो. बर्फ वितळतो, खालची काळी जमीन उघडी पडते, ती जास्त ऊन शोषते, त्यामुळे आणखी बर्फ वितळतो. इथवर सगळ्यांना समजतं. त्यापुढे विचारावं की असं आहे तर तापमान थांबतं कुठे, आणि ढगांच्या एका आकड्यावरून शास्त्रज्ञ इतका वाद का घालतात, तर उत्तर शब्दांत सापडत नाही. आकडे मांडले की सापडतं, आणि त्यासाठी महासंगणक लागत नाही. गुणाकार-भागाकार येणारी कुठलीही स्प्रेडशीट पुरते, मोबाइलवरची असली तरी चालेल. नववी-दहावीच्या मुलांसोबत बसलात तर दोन संध्याकाळी धरा.

सुरुवातीलाच एक सूचना. शीटमध्ये आकडे इंग्रजी अंकांतच टाका. देवनागरी अंकांना शीट मजकूर समजण्याची शक्यता असते, आणि मग सूत्र चूक दाखवतं किंवा गुपचूप शून्य धरतं.

पहिली शीट: फीडबॅक नसलेली पृथ्वी

चार आकडे चार वेगळ्या सेलमध्ये लिहा आणि शेजारी त्यांची नावं लिहा:

सौर ऊर्जा: १३६१ (वॅट प्रति चौरस मीटर; पुढे नुसतं 'वॅट' म्हणू)
अल्बेडो, म्हणजे परत फेकल्या जाणाऱ्या उन्हाचा वाटा: ०.३०
स्टीफन-बोल्ट्झमन स्थिरांक, म्हणजे तापमानावरून सोडलेली उष्णता काढायचा ठरलेला आकडा: ०.०००००००५६७ ऐवजी गोंधळ नको म्हणून ५.६७ भागिले १० कोटी असं सूत्रच लिहा
उत्सर्जन गुणांक: सध्या १

आता शोषलेलं ऊन काढा: सौर ऊर्जा ÷ ४ × (१ − अल्बेडो). चारने भागायचं कारण साधं आहे. सूर्याला पृथ्वी चकतीसारखी दिसते, पण ते ऊन वाटलं जातं अख्ख्या गोलावर, आणि गोलाचं क्षेत्रफळ त्याच त्रिज्येच्या चकतीच्या चौपट असतं. उत्तर २३८.२ वॅट यायला हवं.

पृथ्वी जेवढं घेते तेवढंच उष्णतेच्या रूपात परत सोडते तेव्हा तापमान स्थिर राहतं. म्हणून तापमान = (शोषलेलं ऊन ÷ (गुणांक × स्थिरांक)) चा चौथा घातमूळ. शीटमध्ये घात ०.२५ द्या, साध्या कॅल्क्युलेटरवर दोनदा वर्गमूळ घ्या. उत्तर केल्विनमध्ये येतं: २५४.६. त्यातून २७३.१५ वजा केले की उणे १८.६ अंश सेल्सियस. वातावरणाने उष्णता अडवली नसती आणि अल्बेडो आजचाच राहिला असता, तर पृथ्वी एवढी गार असती.

आता उत्सर्जन गुणांक १ च्या जागी ०.६०९ करा. तापमान १५ अंशांवर येतं. पृष्ठभागातून निघणाऱ्या उष्णतेपैकी ६१ टक्क्यांएवढीच अवकाशात पोचते, असा या गुणांकाचा ढोबळ अर्थ. बाष्प, कार्बन डायऑक्साइड, ढग या सगळ्यांचं काम आपण एका आकड्यात कोंबलं आहे.

उत्तर जुळत नसेल तर चूक कुठे आहे ते चुकीचं उत्तरच सांगतं. १३४ अंश आलं तर चारने भागायचं राहिलं. ५१२ किंवा १६२ केल्विन आलं तर स्थिरांकात एक शून्य जास्त किंवा कमी पडलं. आणि सूत्र उलटं चालवून उत्सर्जन काढताना ०.००३ वॅट असं काही दिसलं, तर केल्विनऐवजी सेल्सियस घातला आहे.

शेवटी कार्बन डायऑक्साइड दुप्पट करा. दुप्पट झाल्यावर पृथ्वीच्या हिशेबात सुमारे ३.९ वॅटची जादा जमा होते. तेवढे शोषलेल्या उन्हात मिळवा. तापमान १.१७ अंशांनी वाढतं. हा आकडा लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा हिशेब त्याला किती गुणायचं याचाच आहे.

दुसरी शीट: फेऱ्या

आता लागतात ते आकडे आयपीसीसीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या, सहाव्या अहवालातले (२०२१). तापमान एका अंशाने वाढलं की पृथ्वीच्या हिशेबात किती वॅटचा फरक पडतो, ते हे आकडे सांगतात:

तापलेली पृथ्वी जास्त उष्णता सोडते, ही मूळ लगाम: ३.२२ वॅट बाहेर
बाष्प, उंचीनुसार तापमान घटण्याच्या दरासकट: १.३० वॅट आत
बर्फ आणि हिम यांचा अल्बेडो: ०.३५ वॅट आत
ढग: ०.४२ वॅट आत

पहिल्या शीटमधला लगामाचा आकडा काढला तर ३.३ येतो. एका सेलची पृथ्वी आणि खरं वातावरण यांच्यात एवढाच फरक पडतो, हे समाधानाचं आहे.

बाष्पाचा आकडा सगळ्यांत मोठा का, ते आधी पाहू. हवा एका अंशाने तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, आणि बाष्प स्वतः जबर हरितगृह वायू आहे. हिवाळ्यात निफाडला निरभ्र, कोरड्या रात्री पारा झरझर उतरतो आणि त्याच रात्री रत्नागिरीत चादर पुरते. यात समुद्राचा वाटा मोठा आहेच, पण दमट हवा जमिनीची उष्णता अडवते हाही एक भाग आहे. या फीडबॅकची परीक्षा निसर्गानेच घेतली. जून १९९१ मध्ये फिलिपिन्समधला पिनाटुबो ज्वालामुखी फुटला. त्याच्या धूसर थराने जग सुमारे अर्ध्या अंशाने गार झालं आणि उपग्रहांना हवेतलं बाष्पही घटलेलं दिसलं. बाष्पाचा फीडबॅक बंद ठेवून चालवलेल्या संगणकी प्रारूपात ही थंडी कमी पडली. चालू ठेवल्यावर जुळली.

आता मांडणी. पाच स्तंभ करा: फेरी, या फेरीतला जोर (वॅट), या फेरीतली तापमानवाढ, एकूण वाढ, आणि पुढच्या फेरीला मिळणारा जोर.

पहिल्या ओळीत जोर ३.९३ घाला (मघाचाच ३.९, जरा नेमका). तापमानवाढ = जोर ÷ ३.२२, म्हणजे १.२२ (लगाम ३.३ ऐवजी ३.२२ धरल्याने मघाच्या १.१७ पेक्षा किंचित जास्त). पुढच्या फेरीचा जोर = ही तापमानवाढ × (१.३० + ०.३५ + ०.४२). दुसऱ्या ओळीत 'जोर' म्हणून तोच आकडा वरून घ्या, आणि सूत्रं २० ओळींपर्यंत खाली ओढा. फीडबॅकचे तीन आकडे वेगळ्या सेलमध्ये ठेवा आणि सूत्रात त्यांच्या पत्त्याला डॉलरचं चिन्ह लावा, नाहीतर खाली ओढताना पत्ता सरकतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या ओळीपासून वाढ शून्य दिसू लागते.

एकूण वाढीचा स्तंभ असा चालायला हवा: १.२२, २.०१, २.५१, २.८३, ३.०४, ३.१८… दहाव्या फेरीला ३.३८ आणि विसाव्याला ३.४२. पुढे कितीही ओढा, हलत नाही.

इथे थांबून नीट पाहा, कारण सर्वाधिक गैरसमज याच जागी होतो. धन फीडबॅक म्हणजे तापमान बेलगाम सुटणार असं नाही. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीच्या ०.६४ पट आहे. चक्रवाढ व्याजाची उपमा सर्रास दिली जाते, ती चुकीची आहे. चक्रवाढ व्याजाची रक्कम दर वर्षी आधीपेक्षा मोठी होते, इथली प्रत्येक भर आधीपेक्षा लहान आहे. विहिरीत हाक मारल्यावर येणारे पडसाद जवळचे आहेत: प्रत्येक पडसाद मंद, बेरीज मात्र मूळ हाकेपेक्षा बरीच मोठी. हे गुणोत्तर १ च्या पुढे गेलं तरच मांडवातला माइक स्पीकरसमोर धरल्यावर फुटते तशी किंकाळी फुटते. तिची वेळ तिसऱ्या शीटमध्ये येईल. 'धन' या शब्दात 'चांगलं' असंही काही नाही. मूळ बदलाच्या दिशेने ढकलणारा तो धन. गार होण्याच्या दिशेनेही तो तेवढ्याच नेटाने ढकलतो, पिनाटुबोच्या वेळी ढकलला तसा.

फेऱ्या मोजायच्या नसतील तर थेट सूत्र आहे: अंतिम वाढ = ३.९३ ÷ (३.२२ − फीडबॅकची बेरीज). पण आधी फेऱ्या मांडाच. भागाकारातल्या वजाबाकीची ताकद फेऱ्या पाहिल्याशिवाय कळत नाही.

आता ढगाचा आकडा आधी शून्य करा आणि मग परत घाला. तिन्ही फीडबॅक शून्य असताना नुसता ढग घातला, तर वाढ १.२२ वरून १.४० होते; ढगाची किंमत ०.१८ अंश. बाष्प आणि बर्फ आधीच चालू असताना तोच ढग घातला, तर वाढ २.५० वरून ३.४२ होते, किंमत ०.९१ अंश, म्हणजे पाचपट. ढग तोच, आकडा तोच. बर्फाचंही तसंच: एकटा ०.१५ अंश, बाष्पाच्या जोडीला ०.४६. म्हणून 'बर्फामुळे इतके अंश, ढगांमुळे तितके अंश' अशी वाटणी करणारा तक्ता कुठे दिसला, तर कुठला फीडबॅक कुठल्या क्रमाने घातला हे विचारल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवू नका. फीडबॅक अंशांत मोजून बेरीज करायची वस्तू नव्हे. वॅटमध्ये बेरीज करा, अंश शेवटी एकदाच काढा.

हीच गोष्ट ढगांवरच्या वादामागे आहे. अहवालात ढगांचा आकडा ०.४२ असला तरी त्याची व्याप्ती उणे ०.१० ते ०.९४ अशी दिली आहे. दोन्ही टोकं शीटमध्ये घालून पाहा. खालच्या टोकाला २.३५ अंश येतात, वरच्या टोकाला ६.२४. वॅटमध्ये दोन्ही बाजूंना ०.५२ चंच अंतर आहे. अंशांत खालच्या बाजूला १.१ आणि वरच्या बाजूला २.८. अनिश्चितता आपल्या बाजूने कधीच नसते, ती वाईट बाजूला जास्त ताणली जाते. 'शास्त्रज्ञांनाच नक्की माहीत नाही, मग काळजी कशाला' म्हणणाऱ्याला ही दोन उत्तरं दाखवावीत.

अहवालाचा स्वतःचा अंदाज मात्र ३ अंशांचा आहे, बहुधा २.५ ते ४ च्या दरम्यान. आपल्या ३.४ पेक्षा तो वेगळा आहे, कारण त्यात प्राचीन हवामानाचे आणि गेल्या दीडशे वर्षांच्या मोजमापांचे पुरावेही तोलले आहेत. तुमची शीट चुकलेली नाही.

अल्बेडो हातात धरून पाहणं

०.३० हा आकडा कागदावर निर्जीव वाटतो. मोबाइलमध्ये प्रकाश मोजणारं कुठलंही लक्स मीटर अॅप घ्या आणि गच्चीवर जा. सेन्सर बहुतेक फोनमध्ये पडद्याच्या वरच्या कडेला असतो. फोन आडवा, सपाट धरा. आधी पडदा आकाशाकडे करून वाचन घ्या, मग त्याच जागी पडदा जमिनीकडे करून. दुसरं भागिले पहिलं म्हणजे त्या पृष्ठभागाचा अल्बेडो.

फोन जमिनीपासून ३० सेंटीमीटरवर धरा आणि मोजायचा पृष्ठभाग चहूबाजूंनी किमान ९० सेंटीमीटर एकसारखा असू द्या. तेव्हाच खालून येणाऱ्या प्रकाशाचा ९० टक्के भाग त्या पृष्ठभागाचा असतो. वर्तमानपत्राएवढ्या पांढऱ्या कागदावर मोजलं, तर खरं म्हणजे शेजारची फरशी मोजली जाते. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी सूर्य डोक्यावर येतो आणि फोनची सावली नेमकी त्याच्या खालीच पडते. म्हणून सकाळी दहा किंवा दुपारी साडेतीनच्या सुमारास मोजा, सूर्याकडे तोंड करून हात लांब धरा, म्हणजे अंगाची सावली मागे पडेल. ढग सरकत असतील तर दोन वाचनांमध्ये ऊनच बदलतं, तो दिवस सोडा. कडक उन्हात काही फोनचा आकडा एका कमाल मर्यादेला अडकतो. सेन्सरवर पांढऱ्या कागदाचे दोन-तीन थर चिकटवा आणि दोन्ही वाचनं तशीच घ्या, गुणोत्तर बिघडत नाही.

नुकताच चुना मारलेली गच्ची ०.७ च्या वर जाते, जुनं सिमेंट ०.२ ते ०.३५, आणि ओली काळी माती ०.१ च्याही खाली. गवत किंवा पिकावर मोजलंत तर आकडा खऱ्यापेक्षा कमी येईल. पानं डोळ्यांना न दिसणारे जवळचे अवरक्त किरण भरपूर परत फेकतात आणि लक्स मीटर फक्त दिसणारा प्रकाश मोजतो.

चुन्याची गच्ची आणि ओली काळी माती यांच्यातला हा फरक आर्क्टिकमध्ये दर उन्हाळ्यात घडतो. हिमाने झाकलेला समुद्री बर्फ ०.८ किंवा त्याहून जास्त ऊन परत फेकतो, उघडा समुद्र जेमतेम ०.०६.

तिसरी शीट: बर्फाचा उंबरठा

१९६९ मध्ये रशियन शास्त्रज्ञ मिखाइल बुडिको आणि अमेरिकन शास्त्रज्ञ विल्यम सेलर्स यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे दाखवलं की बर्फाचा फीडबॅक एका मर्यादेपलीकडे पूर्ण पृथ्वी गोठवू शकतो. त्याचं अगदी साधं रूप आपण मांडू.

स्तंभ: वर्ष, तापमान (सेल्सियस), अल्बेडो, शोषलेलं ऊन, बाहेर जाणारी उष्णता, शिल्लक.

अल्बेडो = ०.४६ − ०.०१६ × तापमान, पण ०.३० च्या खाली किंवा ०.६२ च्या वर जाऊ द्यायचा नाही. मॅक्स आणि मिन ही दोन फंक्शन एकात एक घालून हे होतं. म्हणजे १० अंशांच्या वर आजचा अल्बेडो, उणे १० च्या खाली गोठलेल्या पृथ्वीचा, मध्ये सरळ उतार.
बाहेर जाणारी उष्णता = २०९.७ + १.९ × तापमान. हा १.९ म्हणजे मघाचा ३.२२ उणे बाष्पाचा १.३०.
शिल्लक = शोषलेलं − बाहेर गेलेलं.
पुढच्या वर्षाचं तापमान = आताचं तापमान + ०.१ × शिल्लक.

शेवटच्या ओळीतला ०.१ म्हणजे पृथ्वीभर सुमारे ७५ मीटर खोल पाणी आहे असं धरल्यावर एका वॅटने वर्षात होणारी वाढ. १०० ओळी ओढा.

सौर ऊर्जेच्या सेलला डॉलर लावायला विसरलात तर शोषलेलं ऊन शून्य होतं आणि तापमान उणे ११० कडे घसरत जातं. घाई म्हणून ०.१ च्या जागी १.१ घातलं, तर आकडे वर-खाली झेपावत मोठे होत जातात. तो पृथ्वीचा गुण नाही, पावलं फार लांब टाकल्याचा परिणाम आहे.

सुरुवातीचं तापमान १५ घाला: हलत नाही. ८ घाला: दोन-तीन दशकांत १५ च्या जवळ परत येतं. आता ७ घाला. पहिली काही वर्षं काहीच होत नाही असं वाटतं: ७, ६.८८, ६.७३… मग उतार तीव्र होतो, तेरा-चौदा वर्षांत उणे १० ओलांडलं जातं आणि तापमान उणे ४२ वर जाऊन बसतं. ऊन तेच, सूत्रं तीच, सुरुवातीला एका अंशाचा फरक. उंबरठा ७.३ अंशांवर आहे.

दुसरा प्रयोग. सुरुवात १५ वरून, सौर ऊर्जा १३१० करा: १०.३ अंशांवर टिकतं. १३०० करा: साधारण २५ वर्षांत गोठतं, उणे ४५ कडे. आता गोठलेलं तापमान सुरुवातीला ठेवून ऊर्जा पूर्ववत १३६१ करा. बर्फ वितळत नाही. १५०० करा, तरी उणे ३५. २००० ला उणे १०.४. २०१० ला अखेर सुटतं, आणि मग तापमान थेट ७५ अंशांकडे झेपावतं. गोठायला ४ टक्के कमी ऊन पुरलं. सुटायला ४७ टक्के जास्त लागलं. आलो त्या वाटेने परत जाता येत नाही, हा या शीटचा सगळ्यांत महत्त्वाचा निकाल.

खरी पृथ्वी अशी गोठल्याचे खडकांमधले पुरावे आहेत, ७१.७ कोटी वर्षांपूर्वी आणि पुन्हा सुमारे ६४ कोटी वर्षांपूर्वी. तेव्हा सूर्य आजच्यापेक्षा सुमारे ६ टक्के मंद होता. ती सुटली सूर्य वाढल्यामुळे नव्हे. ज्वालामुखी कार्बन डायऑक्साइड सोडत राहिले, आणि तो हवेतून काढून घेणारं खडकांचं झिजणं बर्फाखाली जवळपास थांबलं होतं. खडकांची ही झीज उबेत आणि पावसात वाढते, थंडीत मंदावते, म्हणून तो ऋण फीडबॅक. आपल्या सह्याद्रीचा बेसॉल्ट या कामात विशेष तरबेज आहे. पण तो लाखो वर्षांच्या संथ गतीने चालतो. या शतकाच्या हिशेबात त्याला धरू नका.

शीटमधली वर्षं आणि अंश खऱ्या पृथ्वीचे म्हणून वापरू नका. इथे अक्षांश नाहीत, ऋतू नाहीत, १० अंशांच्या वर बर्फाचा फीडबॅकच नाही, आणि ७५ अंशांवर आपलं सरळ रेषेचं सूत्र लागूही होत नाही. शिकायचा आहे तो उडीचा आकार आणि तिचं कारण.

कारण तपासायचं असेल तर अल्बेडोचा उतार पसरट करा: ०.३८ − ०.००५३३ × तापमान, मर्यादा त्याच. म्हणजे तोच बदल २० अंशांऐवजी ६० अंशांत होईल. पुन्हा ७ अंशांवरून सुरू करा. आता पृथ्वी गोठत नाही. हळूहळू वर चढत शंभराव्या वर्षी ११.४ च्या आसपास पोचते. आधीच्या उतारावर अल्बेडोचा फीडबॅक अंशाला ५.४ वॅट होता, लगाम १.९ चा, म्हणून ती गोठत गेली. पसरट उतारावर तो १.८ आहे, लगामाच्या जेमतेम खाली. आजच्या पृथ्वीवर हाच आकडा ०.३५ आहे.